सहाशे फाइली, शंभर अंगठे, वापर शून्य

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल आहे. आमच्या केंद्रातल्या नऊ शाळांनी मिळून गेल्या वर्षी गूगल ड्राइव्हवर डिजिटल साहित्य जमवलं. व्हिडिओ, पीडीएफ, गोष्टी, प्रश्नपेढ्या मिळून सहाशेच्या वर फाइली आहेत. ‘हे सगळ्यांपर्यंत पोचवा’ म्हणून केंद्रप्रमुखांनी काम माझ्याकडे दिलं. शिक्षकांच्या ग्रुपवर दुवा तीनदा टाकला, भराभर अंगठे आले. शिक्षण परिषदेत अर्धा तास सादरीकरणही केलं. पण वापरत कोणीच नाही. प्राथमिक शाळांत ज्यांच्याकडे ग्रंथालयाचा कार्यभार आहे ते शिक्षक म्हणतात, ‘इथं कपाटाची किल्ली सापडत नाही, डिजिटल कुठलं काढलंत?’ या सगळ्यांना गोडी लावायची कशी? एक पालक मोफत ॲप करून देतो म्हणतात. ते करून घ्यावं का?

उत्तर :

ताई, गोडीचं नंतर पाहू. आधी घरातल्या कोणाचा तरी फोन घ्या, ज्यावरून त्या ड्राइव्हला कधी हात लागलेला नाही, आणि ग्रुपवरचा तुमचाच दुवा त्यावर उघडा. नवीन फोल्डर केला की तो मुळात फक्त करणाऱ्यापुरता खुला असतो. ‘दुवा असलेला कोणीही’ हा पर्याय आपण मुद्दाम निवडला नसेल तर समोरच्याला परवानगी मागण्याची पाटी दिसते. शिक्षक ती एकदा पाहतो, अंगठा देतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. दुसरी भानगड शॉर्टकटची. काही शिक्षकांनी स्वतःच्या ड्राइव्हमधली फाइल तुमच्या फोल्डरमध्ये न चढवता नुसता शॉर्टकट ठेवला असेल, तर तुमचा फोल्डर सगळ्यांना खुला असूनही ती फाइल बंदच राहते, कारण मूळ फाइलची परवानगी वेगळी. प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन फाइली अशा परक्या फोनवरून उघडून पाहा. शॉर्टकट मात्र एकही सोडू नका.

त्याच बैठकीत आणखी एक पाहा : संपादनाचा हक्क कोणाकोणाला दिलाय? तो तुम्हाला आणि आणखी एकाला, बस्स. बाकी सगळ्यांना फक्त पाहण्याचा. नाहीतर कोणीतरी आपला फोन ‘साफ’ करताना फोल्डरमधल्या फाइलीच काढून टाकतं. आणि हे सगळं तुमच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर शाळेच्या नावानं वेगळं खातं काढून तिकडे न्या, सावरण्यासाठी दोघांचे फोन नंबर द्या. खातं कोणाच्या खासगी ईमेलवर असलं की त्या माणसाच्या बदलीबरोबर साठाही जातो.

आता शिक्षकांकडे वळू. शिक्षकाला साठा नको असतो. त्याला उद्या तिसऱ्या तासाला वर्गात काय न्यायचं ते हवं असतं. तुम्ही त्याला सहाशे फाइलींचं गोदाम दाखवलंत. त्यात आजकाल ग्रुपवर दुवा आला की शिक्षकाच्या पोटात गोळाच येतो : सरलची माहिती, यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद, कुठलं तरी लिंक भरून स्क्रीनशॉट टाका. तुमचा दुवा दिसायला अगदी तसाच आहे. म्हणून तुमच्या प्रत्येक संदेशाची पहिली ओळ हीच असू द्या : लॉगिन नाही, माहिती भरायची नाही, अहवाल द्यायचा नाही. आणि हे वचन पाळा. तीन आठवड्यांनी ‘किती जणांनी वापरलं ते कळवा’ असा तक्ता फिरवलात की संपलं.

मग छाटणी. सहाशेतून पहिल्या सत्रासाठी तीसच्या आसपास गोष्टी वर काढा, बाकीच्या ‘जुना साठा’ नावाच्या फोल्डरमध्ये राहू द्यात, पुसू नका. निवडताना तीन प्रश्न विचारा. हे या सत्रात शिकवल्या जाणाऱ्या घटकाला धरून आहे का? वर्गात दहा मिनिटांच्या आत वापरून होतं का? नेट नसताना चालतं का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच वर. प्रश्नपेढ्यांची गर्दी इथं आपोआप कमी होईल. त्या शिक्षकांकडे भरपूर असतातच, त्यांच्यासाठी तुमची गरज नाही.

फाइलींची नावं बदला. ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ आणि पुढे तारीख, असल्या नावानं पडलेली फाइल कोणी शोधून उघडत नाही. इयत्ता, विषय, घटक, प्रकार, वेळ या क्रमानं नाव द्या : ‘६वी-भूगोल-खडक-व्हिडिओ-७मि’. इयत्ता पुढे ठेवली की एका इयत्तेच्या फाइली यादीत आपोआप एकत्र येतात. शिक्षकांनी स्वतः टाइप केलेल्या वर्ड फाइली असतील तर त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत का पाहा. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथं अशी फाइल चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांत उघडते आणि ‘तुमचं साहित्य खराब आहे’ हा शिक्का तुमच्यावर बसतो. ज्याच्या संगणकावर ती नीट दिसते त्याच्याकडूनच पीडीएफ करून घ्या.

वापराचा एक नमुना सांगतो, म्हणजे ‘एका तासाला एक वस्तू’ म्हणजे काय ते दिसेल. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतात. सातारा जिल्हा बेसाल्टवर बसलेला. शिक्षकाला तुम्ही असा संदेश पाठवा :

‘सर, नमस्कार. लॉगिन नाही, अहवाल नाही. या आठवड्यात सहावीला खडक घेणार असाल तर मराठी विश्वकोशातल्या बेसाल्टच्या नोंदीतले दोन परिच्छेद सोप्या भाषेत करून एका पानावर दिलेत, सोबत जोडलंय. मुलांना येताना मैदानातला एकेक दगड आणायला सांगा. दगडाला बारीक भोकं आहेत का, ती रिकामी आहेत की पांढऱ्या खनिजानं भरलेली, एवढंच पाहायचं. वेळ १० मिनिटं. छापील प्रत हवी असेल तर ग्रंथालयात ठेवली आहे.’

यात विश्वकोशाचा नुसता दुवा दिलेला नाही, हे लक्षात घ्या. वाईच्या विश्वकोशाचे सगळे खंड आंतरजालावर मोफत वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. पण त्यातली भाषा सहावीच्या पोराला झेपत नाही आणि शिक्षकाला लांबलचक नोंद वाचायला सवड नसते. ती नोंद वाचून दोन परिच्छेद काढणं हे ग्रंथपालाचं काम आहे. पानाखाली विश्वकोशाचं नाव आणि नोंदीचं शीर्षक न विसरता टाका. ज्याला आणखी हवं तो शिक्षक मूळ नोंदीपर्यंत जाईल, आणि जातोही.

असा संदेश ग्रुपवर टाकू नका. त्या घटकाचा तास ज्यांचा आहे त्या दोघा-तिघांनाच, त्यांच्या नावानं, तासाच्या तीन-चार दिवस आधी पाठवा. त्यासाठी नऊ शाळांची मासिक नियोजनं मागून घ्या. ती टाचणाबरोबर, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदींबरोबर, तयारच असतात. ग्रुपवर मुख्य दुवा ग्रुपच्या वर्णनात ठेवा. पिन केलेला संदेश फार तर ३० दिवस टिकतो, वर्णन कायम राहतं. छोटा व्हिडिओ किंवा चित्र पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, गॅलरीतून नको, नाहीतर दाबून लहान केलेलं चित्र वर्गातल्या टीव्हीवर पुसट दिसतं.

शिक्षण परिषदेत पुन्हा संधी मिळाली तर अर्धा तास मागू नका, बारा मिनिटं मागा. स्लाइड एकही नको. पहिली तीन मिनिटं : एक वस्तू वर्गात वापरतात तशी वापरून दाखवा, शिक्षकांनाच मुलं समजून. पुढची सहा मिनिटं : प्रत्येकानं आपल्या फोनमध्ये तीच वस्तू उतरवून घ्यायची, तुम्ही आणि तुमचा सोबती रांगांमधून फिरायचं. अडचण इथंच कळते : फोनची जागा भरलेली, दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप जुनं, नेट नाही. उरलेल्या तीन मिनिटांत एकच प्रश्न विचारा, ‘पुढच्या पंधरवड्यात तुम्ही कोणता घटक घेणार आहात?’ उत्तरं वहीत लिहून घ्या. तीच तुमच्या पुढच्या संदेशांची यादी. आणि पुढच्या परिषदेत तुम्ही बोलू नका. ज्यानं ते वर्गात वापरलं त्या शिक्षकाला बोलू द्या, विशेषतः निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या एखाद्या गुरुजींना. तरुण, ‘टेक्नोसॅव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकाचं सगळे कौतुक करतात आणि ‘ते त्यालाच जमतं’ म्हणून सोडून देतात. परीक्षा आणि मूल्यमापनाच्या आठवड्यात मात्र काही दाखवायला जाऊ नका.

तीस वस्तूंत काय असावं? दीक्षापासून सुरुवात करा, कारण ती पाठ्यपुस्तकातच आहे. २०१७ साली दीक्षा सुरू झाली आणि पुस्तकांवर क्यूआर कोड आले. ‘स्कॅनच होत नाही’ ही तक्रार खरी असते : पान वळलेलं, छपाई पसरलेली, कॅमेऱ्याची काच तेलकट. कोडजवळ सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो, तो ॲपमध्ये हातानं टाइप करता येतो. निम्म्या शिक्षकांना तेवढंच दाखवलंत तरी काम होतं. शाळेच्या वायफायवर ॲपमध्ये उतरवून ठेवलेलं साहित्य वर्गात नेटशिवाय चालतं.

वाचनासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. त्या खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं श्रेय देऊन छापता येतात, वाटता येतात, आपल्या बोलीत उतरवताही येतात. पातळी निवडताना इयत्ता पाहू नका, मुलाचं वाचन पाहा. चौथीतलं अडखळत वाचणारं मूल दुसऱ्या पातळीवर सुखानं वाचतं. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर मोफत आहेत. अख्खा अंक पाठवू नका, एक कविता किंवा एक कोडं काढून पाठवा. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ईबालभारतीवर आहेतच. नॅशनल डिजिटल लायब्ररी, जी आयआयटी खरगपूर चालवते, ती प्रचंड आहे, पण शिक्षकाला सरळ तिथं सोडलंत तर तो हरवेल. ती तुम्ही वापरा, त्यांच्यासाठी शोधून द्या.

कपाटाची किल्ली हरवलेल्या मंडळींशी वेगळं बोलावं लागेल. प्राथमिक शाळेत ग्रंथालयाचा कार्यभार म्हणजे बहुतेक वेळा दाखलनोंद रजिस्टर आणि हरवलेल्या पुस्तकांची जबाबदारी. त्यात ‘डिजिटल’ म्हटलं की टॅबलेट हरवला तर भरपाई कोण देणार, ही धास्ती. त्यांना सांगा : उपकरण तुमच्या ताब्यात येणार नाही, कागद येणार आहे. स्टोरीवीव्हरच्या पहिल्या दोन पातळ्यांच्या दहा गोष्टी छापून त्यांच्या शाळेत पोचवा. बऱ्याच गोष्टींची पानं आडवी असतात, तेव्हा प्रिंटरच्या ‘बुकलेट’ पर्यायाच्या नादी लागू नका. ए४ कागदावर एकाखाली एक दोन पानं, एकाच बाजूनं छापा, मधोमध कापा, क्रमानं लावून डावीकडे दोन स्टेपल आणि वरून चिकटपट्टी मारा. सोळा पानांच्या गोष्टीला आठ कागद लागतात. फाटली तर परत छापायची, भरपाईचा प्रश्नच नाही. ज्या गुरुजींनी डिजिटल कधी उघडलं नसतं ते या छापील गोष्टी संपल्यावर ‘आणखी आहेत का’ विचारायला येतात. तेव्हा दुवा द्या.

ज्या शाळांत खरोखरचं ग्रंथालय आहे तिथं शेल्फावरच दुवा ठेवा. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणाऱ्या रंगनाथनांचा चौथा नियम ग्रंथपालाला सांगायला नको : वाचकाचा वेळ वाचवा. तालिका-पत्राच्या (कॅटलॉग कार्डाच्या) आकाराचं, म्हणजे साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं पत्र करा. वर शीर्षक, खाली ‘व्हिडिओ, ७ मिनिटं, सहावी’, बाजूला क्यूआर, आणि ते त्या विषयाच्या पुस्तकांमध्ये वर्गांकाप्रमाणे (पुस्तकावरच्या विषय-क्रमांकाप्रमाणे) उभं ठेवा. हातात धरून स्कॅन करायचा कोड अडीच सेंटिमीटरचा पुरे. भिंतीवर लावायचा असेल तर जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहावा भाग : दीड मीटरवरून असेल तर पंधरा सेंटिमीटर. कोडभोवती पांढरी कड सोडा, सजावटीची नक्षी त्यावर चढवू नका. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि स्कॅन फसतो, मॅट घ्या.

क्यूआर बनवताना एक सापळा असतो. काही मोफत संकेतस्थळं तुमचा दुवा सरळ कोडमध्ये न घालता आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतात आणि काही दिवसांनी ‘पैसे भरा’ म्हणून तो बंद करतात. चाळीस पत्रं छापून झाल्यावर हे कळलं तर रडू येतं. कोड स्कॅन करून पाहा : फोनवर तुमचाच मूळ पत्ता दिसला पाहिजे, भलत्या साइटचा नव्हे.

नेट नसलेल्या शाळांसाठी प्रत्येकी एक पेनड्राइव्ह द्या. जुने टीव्ही आणि प्रोजेक्टर बहुधा फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला ड्राइव्हच वाचतात, एनटीएफएस नाही. फॅट३२वर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, पण सात मिनिटांच्या व्हिडिओला तिचा काही त्रास नाही. व्हिडिओ एमपी४ असावा आणि आतलं एन्कोडिंग एच.२६४. नव्या फोननं काढलेले व्हिडिओ पुष्कळदा एच.२६५ असतात, जुन्या टीव्हीवर त्यांचा आवाज येतो आणि चित्र येत नाही, मग दोष टीव्हीला दिला जातो. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते बदलून घ्या. काही टीव्हींना देवनागरी फाइलनावं झेपत नाहीत, चौकोन दिसतात. तसं झालं तर पेनड्राइव्हवरच्या प्रतीला नुसता क्रमांक द्या आणि क्रमांकांची छापील यादी ड्राइव्हला दोऱ्यानं बांधा.

सहाशे फाइलींतली एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती तपासावीच लागेल. त्यात बाजारातल्या गाइडांची स्कॅन केलेली पानं, विकत घेतलेल्या ॲपमधले व्हिडिओ, नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ नक्की असणार. कोणीतरी भाबडेपणानं टाकलेल्या असतात, पण तुमच्या नावाच्या फोल्डरमधून त्या नऊ शाळांत गेल्या की जबाबदारी तुमची. मोफत उघडतं म्हणजे वाटायला मोकळं, असं नसतं. ईबालभारतीची पुस्तकंसुद्धा स्वतःच्या ड्राइव्हवर चढवण्यापेक्षा मूळ दुवा द्या, नवी आवृत्ती आली तर आपोआप तीच मिळते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. पण त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि चित्रं मुक्त असतीलच असं नाही. ज्या फाइलीचा उगम सांगता येत नाही ती सरळ काढा.

प्रतिसाद मोजायचा तर अंगठे आणि ग्रुपमधली माणसं मोजू नका. देवघेव वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा : तारीख, कोणत्या वर्गासाठी, काय मागितलं. शिक्षकानं स्वतःहून मागितलं तेवढंच लिहायचं. ‘उघडलं नाही’ ही तक्रारही मागणी म्हणूनच नोंदवा, कारण उघडायचा प्रयत्न तरी झाला. महिन्याला चार-पाच मागण्या येऊ लागल्या तर गाडी रुळावर आहे. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळे दुवे एकदा स्वतः उघडून पाहायचे, मेलेले काढायचे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या दहा दिवस आधी मागण्या वाढतात, तेव्हा कविता आणि छोट्या गोष्टी हाताशी ठेवा.

मुख्याध्यापकांकडे पैसे मागू नका, वेळापत्रकातला एक तास मागा. शनिवारी सकाळच्या शाळेतला शेवटचा तास बहुतेक ठिकाणी मिळतो.

ॲप करून घेऊ नका. पालकांचा हेतू चांगला आहे, पण ॲप दरवर्षी अद्ययावत करावं लागतं, नाहीतर नव्या फोनवर ते बसतच नाही, आणि त्यांचा मुलगा दहावी होऊन गेला की ते कोण करणार? शिवाय शिक्षकांच्या फोनवर आधीच इतकी सक्तीची ॲपं आहेत की आणखी एक उतरवा म्हटलं तर तुमची पहिली ओळच खोटी ठरते. त्यांना आभार मानून दुसरं काम द्या : व्हिडिओ एच.२६४ मध्ये बदलणं आणि नऊ पेनड्राइव्ह भरणं. दोन रविवारचं काम आहे, आणि ते नेमकं तुम्हाला जमणारं नाही.